गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरनंतर अंगावर नवी गाठ दिसली तर

"इंजेक्शनची गाठ असेल मावशी. आठ दिवस तिथे सुई टोचू नका, जिरेल आपोआप."

हे वाक्य माझंच. मावशींना साखर होती, रोज पोटावर इन्सुलिन घ्यायच्या. पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरचे शेक, म्हणजे रेडिएशन, संपून चौदा महिने झाले होते, वजन भरत होतं, जेवण सुधारलं होतं. बेंबीपासून चार बोटं खाली, डावीकडे, हरभऱ्याएवढी गाठ. एकाच जागी सुई टोचून टोचून तिथली चरबी घट्ट होते, हे मी कितीदा तरी पाहिलेलं. तीन आठवड्यांनी परत गेले तेव्हा हरभऱ्याची सुपारी झाली होती, वरची कातडी जांभळट पडली होती आणि दोन बोटं सोडून दुसरी गाठ उगवली होती. इन्सुलिनची गाठ रबरासारखी दबते. ही खिळ्याच्या डोक्यासारखी लागली. सुईच्या तपासणीत पेशी त्याच निघाल्या, पिशवीच्या तोंडाच्या.

मी बावीस वर्षं कॅन्सरच्या वॉर्डात सिस्टर होते. आता बार्शी-वैराग पट्ट्यात घरोघर जाऊन ड्रेसिंग करते. हाताला एवढी सवय असूनही चुकले, म्हणून हे लिहिते आहे. ज्यांच्या घरात आई, सासू, बहीण या आजारातून उठली आहे, त्यांच्यासाठी.

आधी भीतीचं माप सांगते. आपल्या देशात वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा आजार होतो. तो पसरतो तो बहुतेक वेळा ओटीपोटातल्या आणि पाठीच्या कण्याजवळच्या लसिकाग्रंथींत, फुफ्फुसात, यकृतात, हाडात. कातडीत किंवा कातडीखालच्या चरबीत येणं दुर्मीळ. वेगवेगळ्या नोंदींत शंभरात दोनच्या आत, कित्येक ठिकाणी एकाच्याही आत. म्हणजे तुमच्या आईच्या पाठीवर उठलेला फोड बहुधा फोडच असणार. पण दुर्मीळ आहे म्हणूनच ते सुटतं. कातडीच्या डॉक्टरांना पिशवीच्या आजाराचं कोणी सांगत नाही आणि कॅन्सरच्या डॉक्टरांपुढे बाई पाठीवरची गाठ दाखवायला पदर सरकवत नाही.

बघायचं कसं

महिन्यातून एकदा, आंघोळीनंतर, दाराजवळच्या उजेडात. बाईला स्वतःची पाठ, कंबर, मांडीची मागची बाजू दिसत नाही, म्हणून घरातली दुसरी बाई हवी. सून-सासूचं जमत नसेल तर मुलगी, जाऊ, शेजारीण. बोटांच्या टोकांनी चाचपू नका. तीन बोटं सपाट ठेवून, भाकरी थापताना जेवढा दाब देतो तेवढा देत, गोल फिरवत जा.

सुरुवात पोटापासून करा, कारण कातडीवर हा आजार आला तर पोटाची भिंत, योनीच्या बाहेरचा भाग आणि मांड्या इथेच जास्त दिसतो. ऑपरेशन झालं असेल तर टाक्यांची पूर्ण रेघ, नळी घातली होती ती भोकाची जागा आणि दुर्बिणीने केलं असेल तर ती बारकी भोकंसुद्धा. काही वेळा पेशी नेमक्या तिथेच रुजतात. गरोदरपणात किंवा बाळंतपणाच्या सुमारास हा आजार सापडला असेल आणि बाळंतपण खालून झालं असेल, तर खालच्या टाक्यांचा व्रण कायम तपासत राहायचा. ही जागा तपासणीला गेल्यावर डॉक्टरांना मुद्दाम दाखवायची. लाजेने बायका नेमकी हीच जागा गाळतात.

मग बेंबी. आत बोट घालून बघा. मळाचा खडा वेगळा आणि कडक, लालसर, न हलणारी गाठ वेगळी. या बेंबीच्या गाठीला वैद्यकात एका सिस्टरचं नाव आहे, सिस्टर मेरी जोसेफ. अमेरिकेत मिनेसोटातल्या रॉचेस्टर गावी डॉक्टर विल्यम मेयो यांच्या हाताखाली त्या ऑपरेशनला मदत करत. ऑपरेशनआधी पोट धुऊन घेताना त्यांच्या लक्षात आलं की बेंबीत अशी गाठ असेल तर पोटात कॅन्सर पसरलेला निघतो. मेयोंनी ते १९२८ साली छापलं, नाव मात्र सिस्टरबाईंच्या मृत्यूनंतर, १९४९ मध्ये लागलं. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे मला कोणी सांगितलं नव्हतं. नंतर वाचलं तेव्हा त्या रात्री उगाच बरं वाटलं.

पुढे दोन्ही जांघा. पायाला काटा रुतला, चिखल्या झाल्या की जांघेत अवधाण, म्हणजे गाठ, येतं, ते दुखतं आणि पाय बरा झाला की बसतं. पायाला काहीच नसताना आलेलं, न दुखणारं अवधाण लिहून ठेवा. मग कंबर, ढुंगण, पाठ, छाती आणि मानेच्या मुळाशी हाडावरचा खळगा, विशेषतः डावा. त्या खळग्यात लागणारी गाठ कातडीची नसते, लसिकाग्रंथीची असते, पण तितकीच बोलकी असते. शेवटी डोकं. वेणी घालताना कातडीवरून बोटं फिरवा. केमोने केस गेलेल्या डोक्यावर तर नुसतं बघूनही कळतं.

काही सापडलं तर घाबरून रोज चिवडू नका. बॉलपेनने कडेने गोल काढा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो घ्या, वहीत तारीख आणि माप लिहा. माप धान्यात चालेल: मोहरी, मूग, हरभरा, चिंचोका, सुपारी, लिंबू. मावशींच्या सुनेने अशीच वही ठेवली होती आणि आमच्या डॉक्टरांनी माझ्या आठवणीपेक्षा त्या वहीवर जास्त विश्वास ठेवला. बरोबरच होतं ते.

दिसतं कसं

नेहमी गाठच असते असं नाही. कधी कडक गाठी, एक किंवा घोसाने. कधी जाड, तांबूस चट्टा, ज्याच्या कडा हाताला लागतात. कधी मांडी किंवा ओटीपोट लाल, गरम, सुजलेलं, अगदी जंतुसंसर्ग झाल्यासारखं. आणि कधी एका बाजूला पट्ट्याने उठलेले फोड. या शेवटच्या प्रकाराला लोक बघताक्षणी नागीण म्हणतात आणि काव लावणाऱ्याकडे नेतात. खरी नागीण आग करते, खपल्या धरते आणि दोन-चार आठवड्यांत सुकते. कॅन्सरचे उपचार घेतलेल्या बाईला खरी नागीणही सहज होते, त्यामुळे आधी डॉक्टरांना दाखवा, पण महिन्याने ते फोड सुकण्याऐवजी घट्ट झाले असतील तर पुन्हा जा.

केसतोड ठणकतो, तोंड धरतो, फुटतो, बसतो. चरबीची गाठ वर्षानुवर्षं तेवढीच असते, बोटाखालून सटकते. जंतुसंसर्गाची लाली औषधांचा पूर्ण कोर्स झाला की उतरते. यातलं काहीच जमत नसेल, गाठ दुखत नाही पण घट्ट आहे, हलत नाही, तीन आठवड्यांत लहान न होता मोठी झाली आहे, तर दिवस मोजणं थांबवा आणि निघा. शेक दिलेल्या भागात कातडी काळवंडते, आतून लाकडासारखी कडक होते, तिथे हातावर भरवसा ठेवूच नका. माझ्याही नाही.

हाताला न लागणारी एक जागा आहे. पोटाच्या मागच्या बाजूला, कण्यापासून मांडीच्या मुळाशी जाणारा जाड स्नायू, सोआस. हा आजार त्यात शिरला की बाई एक गुडघा वर घेऊन, खाली उशी देऊन पडून राहते. पाय सरळ करायला सांगितला की ओरडते. कंबरेतून मांडीच्या पुढच्या बाजूला कळ जाते. आपल्याकडे याच स्नायूत टीबीचा पू साठतो आणि स्कॅनवर दोन्ही सारखे दिसू शकतात. माझ्या माहितीतल्या एका बाईंना टीबीच्या गोळ्यांवर चार महिने काढावे लागले, तोवर गुडघा तसाच राहिला. म्हणून त्या जागेतून सुईने जे काढतील ते एकाच वेळी टीबीसाठी आणि पेशींसाठी, दोन्हीकडे पाठवायला सांगा. हे एक वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि एकच पाय सुजला तर? त्यात थांबायचं नाही. पोटरी दुखते, पाय अचानक फुगला, दम लागतो, असं असेल तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी दवाखाना. पाय हळूहळू जड होतोय, ढुंगणापासून मागून कळ उतरते आणि सोनोग्राफीत त्याच बाजूच्या किडनीला सूज, अशी तिन्ही एकत्र आली तर ओटीपोटाच्या भिंतीला आजार परतल्याची शंका डॉक्टर आधी घेतात. सुजलेला पाय तेल लावून रगडू नका.

दवाखान्यात काय बोलायचं

आत गेल्यावर पहिलं वाक्य: "यांना पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता, अमुक साली शेक आणि केमो झाले, ही गाठ नवीन आहे." मग बाकीचं. "गाठ आलीय" एवढंच सांगितलं तर समोरचा डॉक्टर गळूच समजणार, त्याचा दोष नाही.

एका बाईंच्या मांडीवरची अशीच गाठ एका दवाखान्यात गळू म्हणून कापली. पू आला नाही, रक्तच आलं. जे मांस निघालं ते बादलीत गेलं. जखम भरेना, दीड महिना ड्रेसिंग चाललं आणि मग दुसरीकडे पुन्हा तुकडा काढावा लागला. म्हणून विनंती करा, भांडू नका: कापण्याआधी सुईची तपासणी किंवा छोटा तुकडा. पंच बायोप्सीत तीन-चार मिलिमीटरचा तुकडा पुरतो, जागा बधिर करून दहा मिनिटांत होतं. आणि काहीही कापलं तरी ते फॉर्मलिनच्या डबीत, नाव लावून, तपासणीला गेलंच पाहिजे. डबी तुमच्या हातात दिली तर त्याच दिवशी पोचवा.

जुनी फाईल, जुन्या तुकड्याच्या काचा (स्लाइड) आणि तो तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ठोकळा, हे मिळालं तर सोन्याहून जास्त. नवा तुकडा जुन्याशेजारी ठेवून बघता येतो. पी-सोळा नावाची रंगतपासणी सांगतील. एचपीव्ही विषाणूमुळे झालेल्या या कॅन्सरमध्ये ती बहुतेकदा ठळक येते. तिच्यावर एकटीवर निकाल लागत नाही, पण दुसराच कुठला कॅन्सर कातडीत आला का, याचा उलगडा व्हायला मदत होते. पेशी तपासल्यावर पूर्ण शरीराचा स्कॅन, कारण कातडीवर दिसला तेव्हा आत आणखी कुठे तरी असण्याची शक्यता बरीच. लांब, वेगळ्या ठिकाणी पसरलेला आजार म्हणजे चौथ्या टप्प्याचा 'ब' भाग.

इथे मी घरच्यांशी खरं बोलते. कातडीवर पसरल्यानंतरचं आयुष्य बहुतेक नोंदींत वर्षांत नाही, महिन्यांत मोजलेलं आहे. एकच गाठ, तीही जुन्या टाक्यांच्या व्रणात, बाकी सगळं साफ, अशी असेल तर गोष्ट निराळी. ती काढून किंवा तिथे शेक देऊन काही जणी बराच काळ चांगल्या राहतात. म्हणून "पसरलंय" ऐकून फाईल बंद करू नका, "किती आणि कुठे" हे विचारा.

औषधांत केमोचं पॅक्लिटॅक्सेल आणि त्याच्या जोडीला सिसप्लॅटिन किंवा कार्बोप्लॅटिन, काहींना गाठीचा रक्तपुरवठा रोखणारं बेव्हॅसिझुमॅब. तुकड्यावर पीडी-एल-वन तपासणी करून पेम्ब्रोलिझुमॅब हे शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारं औषधही सुचवतील. त्याची किंमत ऐकून घरं विकायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत. सही करण्याआधी एक प्रश्न विचारा: "साहेब, याने आजार जाणार आहे, का दिवस वाढणार आहेत, का त्रास कमी होणार आहे?" तिन्ही उत्तरं चांगली असू शकतात, पण कुठलं ते कळलं पाहिजे. सिसप्लॅटिनआधी किडनीची क्रिएटिनिन तपासणी झाली आहे ना ते बघा, कारण या आजारात मूत्रनळ्या दबतात. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. रक्त येणाऱ्या किंवा दुखणाऱ्या गाठीला एक ते पाच दिवसांचे थोडे शेक देतात, त्याने बराच आराम पडतो.

शेक या शब्दाने एकदा घोळ झाला. एका आजींच्या मुलाला मी फोनवर "गाठीला शेक लागेल" सांगितलं, त्याने रात्री गरम विटेने शेकलं. कातडी भाजली. गाठीवर गरम काही नको.

जखम झाली तर

बहुतेक घरांना माझी गरज इथे लागते. गाठ फुटते, पाणी सुटतं, वास येतो. वासाने बाई माणसांतून उठते. मावशींनी नातवाला जवळ घेणं सोडलं होतं.

ड्रेसिंगच्या पाऊण तास आधी दुखण्याची गोळी. डॉक्टरांनी मॉर्फिन दिलं असेल तर तेच. मॉर्फिन म्हणजे शेवट आला असं नाही. २०१४ मध्ये कायदा बदलून ते मान्यताप्राप्त दवाखान्यांत मिळणं सोपं केलं, ते दुखण्यासाठीच. पोट मात्र कोंडतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून जोडीला.

एक लिटर पाणी, दीड ते दोन सपाट चहाचे चमचे मीठ, दहा मिनिटं उकळून झाकून गार करा. हात साबणाने धुवा, हातमोजे घाला. जुनी पट्टी कोरडी ओढायची नाही. या पाण्याने ती भिजवत बसा, पाच मिनिटं, दहा मिनिटं, ती स्वतःहून सुटेपर्यंत. अशा जखमेचं मांस फुलकोबीसारखं आणि ठिसूळ असतं, ओढलं की रक्त. मग तेच पाणी हळू ओतून धुवा, घासू नका.

वास जंतूंचा असतो. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या खलबत्त्यात बारीक कुटून ती पूड जखमेवर भुरभुरायची, किती ते तुमच्या डॉक्टरांना विचारून; जेलही मिळतं. तीन-चार दिवसांत फरक पडतो. मावशींच्या घरी पाचव्या दिवशी मी उंबऱ्यात उभी राहून मुद्दाम श्वास घेतला, खोलीत फक्त कांदा परतल्याचा वास होता. वर व्हॅसलीनची जाळी, म्हणजे चिकटत नाही, त्यावर गॉज, त्यावर पाणी शोषायला सॅनिटरी पॅड. महागाच्या पट्ट्यांपेक्षा पॅड चांगलं काम करतं आणि गावात मिळतं. कडेच्या चांगल्या कातडीवर झिंकचं मलम, नाहीतर पाण्याने तीही सोलवटते.

हळद, राख, तंबाखू, मिशरी, पालापाचोळ्याचा लेप, यातलं काही नाही. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून बरं वाटतं, पण रोज वापरला तर नाजूक मांस जळतं. माश्या बसू देऊ नका, दिवसाही मच्छरदाणी लावा. अळ्या झाल्याच तर लाजू नका, सिस्टरला बोलवा, काढता येतात. आणि हा आजार शिवल्याने लागत नाही. नातवाला मांडीवर बसवा, त्याच ताटात जेवा.

"मग आता ती लस दिली तर?" हे प्रत्येक घरात कोणीतरी विचारतं. एचपीव्हीची लस आधीच झालेल्या कॅन्सरवर चालत नाही. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२२ मध्ये मंजूर झाली, ती घरातल्या नातीसाठी, नऊ ते चौदा वर्षांच्या वयात. आणि सुनेसाठी तपासणी. आमच्या शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या सव्वा लाखावर बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला. त्याचे निकाल २००९ मध्ये आले: आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या आजाराचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. आपल्याच भागातल्या बायकांनी सिद्ध केलेली गोष्ट, आणि आपल्याच भागात सांगत फिरावी लागते.

राहिलं रक्त. थोडं पाझरत असेल तर स्वच्छ कापड ठेवून तळहाताने पंधरा मिनिटं दाबून धरा, मधे उचलून बघू नका. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची गोळी कुटून ओल्या गॉजवर लावून दाबायला आम्ही शिकवतो. ती घरात आणून ठेवा. जांघेतल्या जखमेखाली मोठी रक्तवाहिनी असते, तिथून एकदम जास्त जाऊ शकतं, म्हणून फोन कोणाला करायचा आणि गाडी कोणाची, हे आधीच ठरवा. आणि गडद रंगाची कापडं उशाशी ठेवा. पांढऱ्या टॉवेलवर वाटीभर रक्त सांडलं की बादलीभर दिसतं, आणि पेशंट आपल्या तोंडाकडे बघत असतो.

मावशींच्या सुनेने त्यासाठी कपाटातून दोन इरकल लुगडी काढली, एक मरून, एक चॉकलेटी. मावशी पडल्या पडल्या म्हणाल्या, "मरून ऱ्हाऊ दे, ते तुझ्या लग्नात नेसले होते. ते दुसरं फाड."

चॉकलेटी लुगड्याचे अकरा तुकडे झाले. सुनेने काठ वेगळे काढून ठेवले.